लग्नघरातली वही: सहा महिने वापरल्यानंतर

तुळशीचं लग्न झालं आणि धाकट्या बहिणीची तारीख वैशाखातली ठरली. त्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून पुठ्ठ्याच्या बांधणीची २०० पानी लाँगबुक आणली. लग्नाची सगळी तयारी तिच्यावरच झाली. ज्यांच्याकडे येत्या हंगामात कार्य आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

वही शिवलेलीच घ्या. स्पायरलची पानं दहा हातांतून फिरली की फाटतात, शिवलेली वही मात्र ओट्यावर सपाट उघडी राहते. सोबत साधं बॉलपेन बांधून ठेवा. जेलची शाई ओल्या हातानं पसरते, आणि लग्नघरात कोरडा हात सापडत नाही.

भावानं फोनवर यादी केली होती, चांगली होती. पण आत्या, मावशी, मोठी काकू यांच्यापैकी कोणी ती उघडली नाही. वही फ्रिजवर असायची. केळवणाला आलेली मावशीसुद्धा जाता जाता लिहून जायची, ‘कराडच्या वन्संचा आहेर राहिलाय.’ मला वहीचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. मानपानाची खरी माहिती ज्यांच्या डोक्यात असते, त्यांना तिच्यात लिहिता येतं.

दुसरा गुण शेवटच्या दोन महिन्यांत कळला. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहायचं, असा आईनं नियम केला. ‘आपण सगळे बघू’ असं ज्याच्यापुढे होतं, ते काम महिनाभर तसंच पडून होतं. अष्टपुत्रीपुढे मामाचं नाव आलं आणि चार दिवसांत पिवळी साडी घरी आली.

पाहुण्यांच्या पानावर माणसांऐवजी घरं लिहा. गाव, माणसं किती, पत्रिका कोण देणार, मुक्काम आहे का, आणि सीमांतपूजन, सकाळचा नाश्ता, दुपारची पंगत यांचे वेगळे रकाने. केटरर प्रत्येक जेवणाची ताटं वेगळी विचारतो. त्याला एकच आकडा दिला, तर रात्रीच्या जेवणाचे पैसे उगाच जातात.

व्यवहाराच्या पानावर ठरलेली रक्कम, इसार आणि बाकी तर हवीच. शिवाय तोंडी कबूल केलेलं सगळं लिहून समोरच्याची सही घ्या. जनरेटरचं डिझेल कोणाचं, खोल्या किती, कार्यालय किती वाजता रिकामं करायचं. आमच्या मांडववाल्यानं ऐनवेळी सनईच्या स्पीकरचे वेगळे पैसे मागितले. पान उघडून त्याची सही दाखवली आणि विषय तिथेच मिटला. हळदीला गाणी लावणार असाल तर रात्री १० ची मर्यादाही त्याच पानावर ठळक लिहा.

मुहूर्ताचं पान उलटं मोजत भरलं. मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा, म्हणून गौरीहराला बसायचं कधी, त्याआधी केस आणि साडी कधी, आणि त्यासाठी पार्लरवाली कार्यालयात कधी हवी. मंगलाष्टकांनंतर शालू नेसायला लागणारा वेळही धरा, तो बहुतेक जण विसरतात. गुरुजींच्या यादीतलं सामान विधीप्रमाणे पिशव्यांत भरून पिशवीवर वहीचा पान क्रमांक टाकला. लाजाहोमाच्या वेळी लाह्या शोधायला कोणीही धावलं नाही, याचा मला आजही आनंद वाटतो.

उणिवा आहेतच. वहीची प्रत एकच. बाबा साताऱ्याला पत्रिका वाटत असताना आम्हाला रोज पानांचे फोटो पाठवावे लागले. पाहुण्यांची यादी इतकी खोडली गेली की शेवटी सुट्या कागदांवर नव्यानं उतरवली. बेरजांसाठी फोनच बरा.

विवाह नोंदणीसाठी एक पान आधीच राखून ठेवा. लग्नानंतर ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. त्यावर तीन साक्षीदारांच्या आणि गुरुजींच्या सह्या लागतात, पत्रिकाही जोडावी लागते. साक्षीदारांची नावं आणि पत्ते, आणि पाकिटात दोन पत्रिका आम्ही त्याच पानाला लावून ठेवल्या होत्या. पाहुणे पांगायच्या आत कार्यालयातच सगळ्या सह्या घेतल्या.

शेवटची वीस पानं आहेरासाठी कोरी ठेवा. कोणी काय दिलं ते आम्ही त्याच रात्री लिहिलं, आणि त्यांच्या घरच्या कार्याला जाताना आई आता तीच पानं काढते.