द्राक्षबागेत आठ महिने: एक्सएच कनेक्टरचा अनुभव

तासगावजवळच्या आमच्या बागेत तापमान आणि आर्द्रता टिपणारे चार बॉक्स मी बसवलेत. डाऊनी या बुरशीरोगाची फवारणी कधी घ्यायची, हे आबा त्यावर बघून ठरवतात. आधीच्या हंगामात सगळं जंपर वायरवर, म्हणजे नुसत्या खोचायच्या सुट्या वायरींवर होतं. फवारणीचा ब्लोअर ओळीतून गेला की हादऱ्यानं एखादी वायर सैल व्हायची. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दमट रात्री, नेमकं जेव्हा आकडे हवेत, तेव्हाच बॉक्स गप्प. शेवटी जुलैत एक्सएच कनेक्टरचा, म्हणजे वायर बोर्डाला जोडायच्या छोट्या प्लास्टिक जोडांचा डबा आणि रॅचेटवाली क्रिम्पिंग (वायरच्या टोकावर धातूचं टर्मिनल दाबून बसवायची) पक्कड मागवली.

जंपरच्या टोकाच्या काळ्या कनेक्टरला आपण ड्युपॉन्ट म्हणतो, पण तो मूळचा बर्ग इलेक्ट्रॉनिक्सचा. ड्युपॉन्टनं 1972 मध्ये ती कंपनी घेतली, तेव्हापासून नाव चिकटलं. आपण मात्र दुकानात पिनांची पट्टी अजून 'बर्ग स्ट्रिप' म्हणूनच मागतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. टेबलावर जुळणी करायला ड्युपॉन्ट उत्तम. बागेत नको.

एक्सएच जेएसटीचा, म्हणजे जपान सोल्डरलेस टर्मिनल या कंपनीचा. नुसतं 'जेएसटी द्या' म्हणू नका, कारण ते कंपनीचं नाव आहे, मापाचं नाही. पिनांमधलं अंतर एक्सएचमध्ये 2.5 मिमी, पीएचमध्ये 2.0, झेडएचमध्ये 1.5, एसएचमध्ये 1.0. आणि 1.25 चा म्हणून जो 'जेएसटी' मिळतो, तो बरेचदा मोलेक्सच्या पिकोब्लेडच्या धर्तीचा असतो. मी एकदा असा चुकीचा जोड घेऊन बसलोय. साध्या 2.54 च्या छिद्रांच्या बोर्डावर एक्सएच चार पिनांपर्यंत सहज बसतो. दहा पिनांना फरक साठत साठत 0.36 मिमी होतो, मग पिना वाकवाव्या लागतात.

खरा जीव क्रिम्पमध्ये आहे. टर्मिनलला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात: पुढची उघड्या तांब्यावर, मागची वायरच्या कव्हरवर. साध्या चिमट्यानं दाबलेले माझे पहिले वीसेक जोड मी कापून टाकले. पुढच्या पाकळ्यांची टोकं आत वळून तांब्याच्या तारांमध्ये रुतली पाहिजेत. भिंगातून बघा, मग वायर जरा ओढून बघा. नीट क्रिम्प झालेलं टर्मिनल हाऊसिंगमध्ये, म्हणजे कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात सरकवलं की 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि त्याची जीभ खिडकीत अडकते. काढायचं असेल तर ती जीभ सुईनं दाबायची.

आठ महिन्यांत चार बॉक्समधले दोनच जोड सुटले, दोन्ही माझ्या जुन्या क्रिम्पचे. एक्सएचला कुलूप नाही, तो घर्षणावर टिकतो. म्हणून बॉक्सबाहेरच्या, ओढली जाणाऱ्या वायरला मी जेएसटीचाच कुलूपवाला एसएम लावतो. एक्सएच 3 अँपिअरचा आहे, सेन्सरला भरपूर. मोटरच्या स्टार्टरची वायर त्यावर घेऊ नका.

पीएच टोकाची लिथियम बॅटरी लावण्याआधी मात्र मल्टिमीटर लावाच. प्लस-मायनस कुठल्या पिनेवर, याचा सगळ्यांनी पाळलेला असा नियम नाही. एका विक्रेत्याकडून आलेल्या बॅटरीची तांबडी-काळी वायर माझ्या चार्जिंग बोर्डाच्या बरोबर उलट होती. बोर्ड धूर काढून गेला, रात्रीचे आकडेही गेले. आता बॅटरी आली की आधी मीटरनं बघतो, उलटी असेल तर पिना काढून, अदलाबदल करून मगच कपाटात ठेवतो.