वीस वर्षे मुरलेली शातो लेओव्हिल बार्टन २००५

फ्रान्समधल्या बोर्दोच्या मेदॉक भागातल्या सँ-झुलियँ या गावची शातो लेओव्हिल बार्टन ही लाल वाइन पहिल्या घोटात खूश करणाऱ्यांपैकी नाही, आणि तिचे २००५ सालचे पीक तर मुळीच नाही. ही वाइन बाजारात आली तेव्हा तिच्या दर्जाविषयी फारशी शंका कोणाला नव्हती. प्रश्न एवढाच होता की तिच्यातला तुरटपणा मवाळ कधी होणार आणि तोपर्यंत तिच्यातले फळ टिकणार का. आता तिला वीस वर्षे उलटून गेली आहेत. माझे मत आधीच सांगून टाकते: वाट पाहिल्याचे चीज झाले आहे आणि ही वाइन आज उत्तम पिता येते, मात्र बाटली उघडल्यावर आणखी दोन-तीन तास धीर धरायची तयारी हवी.

लेओव्हिल ही अठराव्या शतकातली विस्तीर्ण मिळकत फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात तुटत गेली आणि तिच्यातून लास काज, प्वाफेरे आणि बार्टन ही तीन लेओव्हिल उभी राहिली. बार्टन घराणे मूळचे आयर्लंडचे. टॉमस बार्टन १७२० च्या दशकात बोर्दोला येऊन वाइनच्या व्यापारात स्थिरावला, आणि त्याचा नातू ह्यू याने १८२१ मध्ये शातो लांगोआ व १८२६ मध्ये लेओव्हिलचा एक हिस्सा विकत घेतला. या हिश्शाबरोबर वाडा किंवा तळघर काहीच आले नाही, त्यामुळे लेओव्हिल बार्टन तेव्हापासून शेजारच्या लांगोआच्या आवारातच तयार होते. पॅरिसच्या १८५५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी जी प्रसिद्ध प्रतवारी लावली, तिच्यात लेओव्हिल बार्टनला दुसऱ्या आणि लांगोआला तिसऱ्या श्रेणीत स्थान मिळाले. विमा कंपन्या आणि फॅशनच्या पेढ्यांनी मेदॉकमधल्या कित्येक नामांकित मिळकती घेतल्या असताना ही दोन्ही शेते आजही त्याच घराण्याकडे आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अँथनी बार्टन यांच्याकडे १९८३ मध्ये त्यांच्या काकांकडून कारभार आला, आणि शेजारी चांगल्या सालांचे भाव भराभर चढवत असतानाही त्यांनी आपल्या किमती आवाक्यात ठेवल्या. ते २०२२ मध्ये वारले. त्यांच्या कन्या लिलियन आणि नातवंडे आता काम पाहतात.

सँ-झुलियँची जमीन गोट्यांची आहे. जिरोंदच्या खाडीकाठी नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या या गोट्यांच्या थरातून पावसाचे पाणी झटकन निचरून जाते, त्यामुळे वेलीला मुळे खोल न्यावी लागतात. दगड दिवसा तापतात आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षजातीला हवी असलेली ऊब पुरवतात. लेओव्हिल बार्टनच्या मळ्यात सुमारे तीन चतुर्थांश वेली याच जातीच्या आहेत, बाकी बहुतेक मर्लो आणि थोडी कॅबर्ने फ्राँ. कॅबर्नेचा दाणा लहान आणि साल जाड असते. टॅनिन, म्हणजे जीभ आणि हिरड्या आखडवणारा तो तुरट घटक, साल आणि बियांमधून येतो, आणि २००५ हे वर्ष इतके कोरडे गेले की आधीच लहान असलेले दाणे आणखी लहान राहिले. त्याच्या दोन वर्षे आधी, २००३ मध्ये, उष्णतेच्या लाटेने युरोप होरपळून निघाला होता आणि त्या सालच्या अनेक वाइनमध्ये आंबटपणा कमी पडला. २००५ मध्ये पाऊस कमी होता, पण तशी होरपळ नव्हती, म्हणून साखर, आंबटपणा आणि तुरटपणा ही तिन्ही अंगे एकदम भरली. असे वर्ष शेतकऱ्याच्या नशिबात फार वेळा येत नाही. एवढे भरगच्च साहित्य असलेली वाइन पुढे फ्रेंच ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत सुमारे दीड वर्ष राहते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक पिंपे नवी असल्याने लाकडाचे टॅनिनही तिच्यात उतरते.

अशी वाइन तरुणपणी प्यायली तर तोंडात दार लावून घेतल्यासारखे होते. बाटलीत पडून राहिल्यावर तिच्यात नेमके काय घडते हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण जुनी म्हणजे चांगली असा एक सरसकट समज आपल्याकडे आहे आणि तो खरा नाही. टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि द्राक्षाच्या रंगद्रव्यांशी जोडले जाऊन मोठे होत जातात. त्यांतले काही जड होऊन तळाशी साक्याच्या रूपाने बसतात आणि जे उरतात त्यांची तोंडातली धार बोथट होते. रंग जांभळ्याकडून माणकाच्या छटेकडे आणि पुढे विटकरीकडे सरकतो. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि देवदार, तंबाखू, चामडे, ओली माती असे वास वर येतात. या सगळ्यात फळाचा गाभा शाबूत राहिला तरच मुरण्याला अर्थ असतो. जगातली बहुसंख्य वाइन तीन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते आणि ती सांभाळून ठेवल्यास फक्त म्हातारी होते. बोर्दोतही १९७५ हे साल उदाहरण म्हणून सांगितले जाते: टॅनिन इतके कठोर होते की अनेक वाइनमध्ये ते मवाळ होण्याआधीच फळ सुकून गेले. लेओव्हिल बार्टन २००५ चे तसेच होईल की काय, ही धास्ती मला बरीच वर्षे होती.

ती धास्ती बाटली उघडल्यावर गेली. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती, जेणेकरून कडेला चिकटलेला साका तळाशी जावा. बूच अखंड निघाले. त्याच्या वाइनकडच्या टोकाला गडद डाग होता, पण ओलावा जेमतेम तीन-चार मिलिमीटर वर चढला होता, म्हणजे बुचाने आपले काम नीट केले होते. बाटलीच्या मानेखाली दिवा धरून वाइन सावकाश डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, ओतली. मानेत काळसर साक्याची पहिली रेघ दिसताच ओतणे थांबवले आणि तळाचा अर्ध्या पेल्याएवढा भाग तसाच राहू दिला. रंग वीस वर्षांच्या मानाने चकित करणारा आहे: मध्यभागी जवळजवळ काळसर लाल, आणि पेला तिरका करून पांढऱ्या कागदावर धरला की कडेला विटकरी रंगाची अरुंद पट्टी दिसते.

पहिल्या पाऊण तासात वास फारसा येतच नाही. जे येते ते लाकूड, शिसपेन्सिल तासताना येणारा वास आणि किंचित लोखंड. त्या वेळचा घोटही आखडलेला होता; जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांवर तुरटपणा चढून बसला. दीड तासानंतर फळ जागे झाले. फ्रेंच मंडळी ज्याला कासिस म्हणतात ते काळे बोरासारखे फळ आपल्या ओळखीचे नाही. माझ्या जिभेला पिकलेली करवंदे आणि त्यांच्या जोडीला जांभळाच्या सालीचा तुरटपणा आठवला. तिसऱ्या तासाला मात्र वाइन पूर्ण उलगडली: देवदाराची पेटी उघडावी तसा वास, कोरडी तंबाखूची पाने, थोडा पुदिना, आणि त्या सगळ्यांच्या खाली गोडवा नसलेले, घट्ट, गडद फळ. टॅनिन अजून आहे, भरपूर आहे, पण त्याचे कण आता बारीक दळलेले आहेत. आंबटपणा तोंडाला पाणी आणतो आणि पुढच्या घोटाची इच्छा जागवतो. गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते यावर मी कोणत्याही वाइनची पारख करते, आणि इथे ती मिनिटभर सहज टिकली. डिकँटरमध्ये राखून ठेवलेला पेला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घेतला, तेव्हाही ती थकलेली नव्हती. वीस वर्षांची वाइन उघड्यावर एक दिवस काढते तेव्हा तिच्यात अजून दहा-पंधरा वर्षांचा दम आहे असे मी समजते.

नाशिकच्या शिराझची सवय असलेल्या आपल्या वाचकांना एक सूचना. पिकलेल्या फळाचा तो मोकळा, उबदार भरणा इथे शोधू नये. ही वाइन रेखीव आणि संयमी आहे, आणि तिची मजा पोतात व वासांच्या थरांत आहे. पेला रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा, तापमान १६ ते १८ अंशांच्या दरम्यान. ‘खोलीचे तापमान’ हा जुना युरोपीय सल्ला आपल्या एप्रिल-मे महिन्यांना लागू होत नाही. तीस अंशांना मद्यार्काचा भपकारा येतो आणि बाकी सगळे दबून जाते.

जेवणाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. मेदॉकमध्ये अशा वाइनबरोबर पोयाकच्या कोवळ्या कोकराचे भाजलेले मांस किंवा वेलीच्या काटक्यांवर शेकलेले गोमांस खातात, आणि त्याला कारण आहे: मांसातली प्रथिने आणि चरबी तुरटपणाला सामावून घेतात. तिखटाचे उलटे होते. मिरचीमुळे टॅनिन अधिक बोचते आणि मद्यार्क अधिक जळजळतो, म्हणून तांबडा रस्सा आणि ही वाइन एका ताटाशी आणू नयेत, दोघांवरही अन्याय होतो. आपल्याकडचे अळणी मटण मात्र तिला फार छान जाते. हळद, मीठ, आले-लसूण एवढ्यावर मंद शिजवलेले, हाडाजवळचे मऊ तुकडे आणि त्यावर तरंगणारी थोडी चरबी. त्याच्याबरोबर वाइनमधला देवदार आणि तंबाखू स्पष्ट पुढे येतात.

आता साठवणुकीविषयी, कारण या वाइनचे सारे यश तिथेच ठरते. बारा ते चौदा अंशांचे स्थिर तापमान, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार, आणि बूच ओले राहावे म्हणून आडवी बाटली, एवढ्या तिच्या गरजा आहेत. यांत स्थिरता सर्वांत महत्त्वाची, कारण तापमान वरखाली झाले की द्रव प्रसरण-आकुंचन पावतो आणि बुचाच्या कडेने हवेला वाट मिळते. पुण्या-मुंबईत घरातले कपाट या कामाचे नाही, आणि स्वयंपाकघरातला फ्रिजही नाही. तो फार थंड, फार कोरडा असतो आणि दिवसातून पन्नासदा उघडला जातो. वाइनसाठीचे छोटे शीतकपाट घेण्याइतका हा छंद गंभीर नसेल, तर वाइन परदेशातल्या व्यापाऱ्याच्याच तळघरात राहू द्यावी आणि प्यायच्या वर्षी आणावी. प्रवाशाला शुल्काविना दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, त्यात ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात. याच सालची एक बाटली मी आपल्याकडच्या एका दुकानातून घेतली होती, जिथे ती झगझगीत दिव्याखाली उभी होती. आवरण काढले तेव्हा खाली चिकट ओघळ वाळलेला होता आणि बूच किंचित वर आले होते. पेल्यात कढवलेल्या जॅमचा वास, विटकरी रंग, आणि फळाच्या जागी उकडलेल्या मनुका. त्यामुळे एखादी जुनी बाटली घेताना साल आणि नाव पाहण्याइतकेच बुचाची पातळी आणि मानेतली वाइनची उंची पाहावी. वीस वर्षांच्या बोर्दोची पातळी मानेच्या तळाशी किंवा त्याहून वर असावी, खांद्याच्या मध्याखाली असेल तर पैसे घालू नयेत.

मी बोर्दो शहरातल्या दुकानात या बाटलीला शंभर ते सव्वाशे युरोंच्या दरम्यान मोजले. ही रक्कम लहान नाही, पण याच सालच्या पहिल्या श्रेणीतल्या लाफीत किंवा लातूरला याच्या कितीतरी पट पडतात, आणि तितक्या पटींनी आनंद वाढतो असे मला वाटत नाही. उणिवा सांगायच्या तर दोन आहेत. तिच्यात लडिवाळपणा कमी आहे. ज्यांना मखमली स्पर्श हवा त्यांना याच वर्षाची शेजारीण लेओव्हिल प्वाफेरे अधिक आवडेल. आणि पहिल्या तासात ती जेवणाच्या टेबलावर नुसती गप्प बसते, म्हणून पाहुणे दाराशी आल्यावर उघडायची ही वाइन नव्हे; संध्याकाळी आठला जेवायचे असेल तर पाचला डिकँटर भरावा.

ज्यांच्याकडे एकाहून अधिक बाटल्या आहेत त्यांनी एक आता उघडावी आणि बाकीच्या २०३५ पर्यंत निर्धास्त ठेवाव्यात. अर्ध्या आकाराच्या बाटल्या असतील तर त्या मोठ्या बाटलीहून लवकर मुरतात, त्या याच वर्षी-पुढच्या वर्षी संपवाव्यात. ज्यांना आज घेऊन आजच प्यायची आहे त्यांनी २००१ किंवा २००४ शोधावी. दोन्ही अंगाने सडपातळ आहेत, पण मोकळ्या झाल्या आहेत आणि स्वस्तही पडतात. २०१० आणि २०१६ दिसल्यास घेऊन ठेवाव्यात, मात्र इतक्यात हात लावू नये. आणि २००५ चाच आग्रह असेल पण खिसा अडत असेल, तर त्याच आवारात, त्याच हातांनी केलेली लांगोआ बार्टन घ्यावी. ती एक पायरी खाली आहे हे जाणवते, मधल्या घोटात भराव थोडा कमी पडतो, पण देवदाराचा वास तोच आहे आणि उघडल्यापासून तासाभरात ती बोलू लागते.