जिम्नीच्या मागे बसवलेले जादा दिवे : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

वेल्ह्याच्या पुढे आमच्या भातखाचरांकडे जाणारी शेवटची पाऊण किलोमीटरची वाट अशी आहे की तिथे गाडी वळवायला जागाच नाही. एका अंगाला ओहोळ आहे, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा बांध आहे, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर ज्याची गाडी लहान त्याने मागे जायचे, असा तिथला न लिहिलेला नियम आहे. लहान गाडी अर्थातच माझी, म्हणजे मारुतीची जिम्नी, असते. दिवसा हे निभावते. पण आवणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर, वरून पाऊस आणि खाली लाल चिखल असताना, मागे नेमके काय आहे हे न दिसता दोनशे मीटर गाडी मागे घेणे म्हणजे केवळ अंदाजाचा खेळ होतो. गेल्या वर्षी मागचे डावे चाक ओहोळाच्या काठावरून वीतभर खाली घसरले, तेव्हा मागे जादा दिवे बसवायचे हे मी ठरवले. हे दिवे आणि ते बसवून घेण्याचे काम, या दोन्हींबद्दल एका संपूर्ण पावसाळ्याच्या वापरानंतर लिहीत आहे.

२०२३ साली भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचे मागचे दिवे बंपरमध्ये, बरेच खाली बसवलेले आहेत. डांबरी रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही; चिखलात मात्र पहिल्या पाच मिनिटांतच त्यांच्यावर लेप चढतो. शिवाय रिव्हर्सचा दिवा मागच्या माणसाला इशारा देण्यासाठी आणि आपल्याला वाट दाखवण्यासाठी असला, तरी त्याचा प्रकाश अशा वाटेला पुरत नाही. अनेक गाड्यांत यासाठी वापरला जाणारा २१ वॅटचा साधा बल्ब साधारण ४६० ल्यूमेन प्रकाश देतो आणि तोही एका अरुंद कप्प्यातून बाहेर पडतो. मागचा कॅमेरा असला तरी त्याला दिसण्यापुरता उजेड लागतोच. तो नसला की पडद्यावर फक्त करडे ठिपके हलत राहतात.

दिवे मी पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारातून घेतले. चौकोनी, ॲल्युमिनियमच्या अंगाचे, मागे पंख्यांसारख्या पट्ट्या असलेले हे एलईडी दिवे जोडीला २,४०० रुपयांना मिळाले. दुकानदार दूरवर झोत टाकणारे दिवे पुढे करत होता. मी मात्र पसरट प्रकाशाचेच मागितले, कारण मागे जाताना शंभर मीटर पलीकडचे झाड दिसून उपयोग नसतो, चाकाजवळचा खड्डा आणि दोन्ही कडा दिसाव्या लागतात. खोक्यावर ३६ वॅट असे ठळक छापलेले होते. घरी क्लॅम्प मीटर लावून पाहिले, तेव्हा इंजिन चालू असताना १३.६ व्होल्टवर प्रत्येक दिवा १.३ अँपिअर घेत होता, म्हणजे जेमतेम १८ वॅट. तो आकडा जोडीचा असावा, असे उदार मनाने समजून घ्यायचे! तक्रार करण्याइतके मला ते महत्त्वाचे वाटले नाही, कारण या कामाला १८ वॅटचे दोन दिवे पुरून उरतात, हे पहिल्याच रात्री दिसले.

खरी अडचण दिव्यांची नव्हती, ती बसवण्याच्या कामाची होती. ज्या कारागिराकडे गाडी नेली तो हाताचा चपळ आणि बोलण्याचा गोड होता, आणि मी रिलेचे (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) नाव काढताच म्हणाला, “साहेब, एलईडीला कशाला रिले? रिव्हर्सच्या वायरीतून डायरेक्ट देतो, दहा मिनिटांचं काम.” मी आग्रह धरला म्हणून त्याने रिले लावला; पण बाकीचे त्याने त्याच्या मनासारखेच केले. बॅटरीपासून मागेपर्यंत सुमारे पाच मीटर वायर सरळ चेसिसच्या कडेने ओढली, तिच्यावर नळी घातली नाही, पत्र्यातून ती जिथे आत शिरते तिथे पत्र्याची धार लागू नये म्हणून घालायचे रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, बसवला नाही, आणि फ्यूज लावला तो मागे, दिव्यांपाशी. फ्यूज दिव्यासाठी नसून वायरीसाठी असतो आणि म्हणून तो बॅटरीच्या जवळ हवा, ही साधी गोष्ट त्याला मी समजावू शकलो नाही. वायर मध्ये कुठे घासून चेसिसला टेकली असती, तर मागचा फ्यूज जागच्या जागी शाबूत राहिला असता आणि पुढची पाच मीटर वायर तापून पेटली असती.

दुसरी चूक त्याहून गमतीची होती. रिव्हर्स न टाकताही, गाडी उभी असताना सामान उतरवायला उजेड हवा, म्हणून मी डॅशबोर्डवर वेगळे बटण मागितले होते. त्याने बटणाची वायर आणि रिव्हर्सच्या दिव्याची वायर एकत्र पिळून रिलेला दिली. परिणाम असा झाला की बटण दाबताच वीज उलट्या दिशेने वाहून कंपनीचे रिव्हर्सचे दिवेही लागले आणि समोरच्या पडद्यावर गाणी बंद होऊन मागच्या कॅमेऱ्याचे चित्र आले. गाडी न्यूट्रलमध्ये आणि पडदा सांगतो की आपण मागे चाललो आहोत! कारागिराला हे सोयीचेच वाटले. आजकालच्या गाड्यांत रिव्हर्सचा संकेत कुठकुठल्या यंत्रणांना जातो हे आपल्याला ठाऊक नसते, त्यामुळे त्या वायरीत बाहेरून वीज सोडणे मला मुळीच पटले नाही.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी, सिंहगड रस्त्यावरच्या एका वयस्क वायरमनकडे सगळे काम उपसून नव्याने करून घेतले, आणि या लेखातले गुण खरे त्यांच्या कामाला आहेत. त्यांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज लावला, तिथून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नालीदार नळीतून, एक्झॉस्टपासून दूर ठेवून मागे नेली आणि दर हातभर अंतरावर पट्टीने बांधली. हिशेबच करायचा तर एवढ्या वायरीत २.६ अँपिअरला सुमारे ०.१५ व्होल्ट पडतात; पहिल्या कारागिराच्या अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.४५ व्होल्ट पडत होते. एलईडीला तेवढ्याने फारसा फरक पडत नाही हे मान्य, पण बारीक वायर खडकाळ वाटेवरच्या हादऱ्यांना आणि घासण्याला टिकत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून येणारी वीज, ८७ मधून दिव्यांकडे जाणारी वायर, आणि रिले ओढणाऱ्या आतल्या कॉइलच्या दोन टोकांपैकी ८५ अर्थला व ८६ ला तीन अवस्थांच्या बटणाचे मधले टोक, अशी त्यांची जोडणी होती. बटण एका बाजूला दाबले की रिव्हर्स टाकल्यावरच दिवे लागतात, मध्ये ठेवले की काहीच लागत नाही, दुसऱ्या बाजूला दाबले की हवे तेव्हा लागतात. या दोन वाटा बटणातच वेगळ्या राहत असल्यामुळे उलट वाहणाऱ्या विजेचा प्रश्नच उरत नाही. कंपनीच्या वायरीवर आता फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे अँपिअरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भार येतो. रिलेही त्यांनी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला निवडला, म्हणजे कॉइल बंद होताना उठणारा विजेचा झटका गाडीच्या नाजूक यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही.

दिवे कुठे बसवायचे यावर आम्ही बराच वेळ घालवला. छतावरच्या कॅरिअरवर बसवले तर प्रकाश लांब पडतो आणि दिवे चिखलापासून वाचतात, परंतु धुक्यात किंवा दाट पावसात वरून पडणारा झोत आपल्याच नजरेसमोरच्या थेंबांवरून परत फिरतो आणि पांढरा पडदा उभा राहतो. पिवळा प्रकाश धुके भेदतो, ही समजूतही इथे कामाची नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, आणि म्हणून रंगापेक्षा दिव्याची उंची आणि कोन महत्त्वाचा ठरतो. मागच्या दारावर, स्टेपनीच्या शेजारी बसवणे दिसायला देखणे असते. पण दार दर वेळी उघडताना वायर वाकते आणि स्टेपनीची सावली नेमकी मध्यभागी पडते. बंपर प्लास्टिकचा, त्यावर वजन टांगले की खडखडाट. शेवटी चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर जाड पत्र्याचे दोन कोन ठोकून, जमिनीपासून सुमारे दीड फुटावर, बंपरच्या सावलीत दिवे बसवले. प्रत्येक दिवा थोडा बाहेर आणि थोडा खाली वळवला आहे. दोन्ही कडा दिसतात, मधला पट्टा दोघांच्या प्रकाशाने मिळून उजळतो, आणि आरशात डोळे दिपत नाहीत. मागचा चढ उतरताना पट्टी कुठे घासत नाही ना, हे मात्र आधी गाडी उंचवट्यावर नेऊन तपासावे लागले.

पावसाळ्याचा हिशेब असा. खोक्यावर आयपी ६७ लिहिले होते, म्हणजे धूळ आत जाऊ नये आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही दिवा तग धरावा. जून ते सप्टेंबर या काळात ओढा किती वेळा ओलांडला ते मोजले नाही, पण दोन्ही दिवे चालू आहेत. उजव्या दिव्याच्या काचेत ऑगस्टमध्ये एकदा आतून दव धरले आणि दिवा लावल्यावर दहा मिनिटांत ते गेले. तापलेला दिवा थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि फटीतून ओल ओढून घेते, म्हणून आता ओढ्याच्या आधी दिवे विझवतो. कॅमेऱ्याच्या चित्रात पहिल्या दिवशी आडव्या रेघा सरकताना दिसल्या. स्वस्त एलईडीच्या लुकलुकण्याचा हा परिणाम. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. सवय झाली, पण गुण कापायचे तर इथे कापावेत. एफएमवर थोडी खरखरही येते.

कायद्याची बाजू टाळण्यासारखी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ प्रमाणे वाहनाने मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा प्रकाश दाखवायचा नसतो. त्यातून रिव्हर्स घेतानाच्या पांढऱ्या प्रकाशाला सूट आहे, तशीच शेतात काम करताना ट्रॅक्टरच्या मागे लागणाऱ्या नांगराच्या दिव्यालाही आहे. म्हणजे माझे बटण ‘हवे तेव्हा’ या बाजूला ठेवून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणे नियमबाह्य आहे आणि मागून येणाऱ्यावर अन्याय करणारेही आहे. एकदा पानशेतपासून खडकवासल्यापर्यंत मी विसरून तसाच आलो. मागच्या दुचाकीस्वाराने पुढे येऊन काच ठोठावली, तेव्हा कळले. त्यानंतर वायरमनकाकांनी बटणाजवळ लाल ठिपक्याचा छोटा दिवा लावून दिला, तो मागचे दिवे लागले की लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर मर्यादा आहेत, हेही लक्षात घेऊनच मी कंपनीचा एकही दिवा काढला वा बदललेला नाही.

दिवे २,४००, पहिल्या कारागिराचे वाया गेलेले ८००, दुसऱ्यांचे सामानासकट २,६०० रुपये, असा एकूण खर्च आला. दिव्यांना मी पाचपैकी साडेतीन देईन, दुसऱ्या जोडणीला पाच. अर्थची जागा त्यांनी रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आणि वरून व्हॅसलीन चोपडून पक्की केली होती. ती परवा उघडून पाहिली, तांबे अजून लख्ख आहे. पत्र्याच्या कोनांना मात्र गंज धरला आहे, आणि ते काढून जस्ताचा मुलामा द्यायला या दिवाळीआधी पाठवणार आहे.