भिंतीवरचा हीटर: ऊब छान, पण लाइन गेली की सगळं विसरतो

कूलरच्या ताट्या बदलायला माणूस येऊन गेला, म्हणजे हीटरबद्दल लिहायला आता हरकत नाही. अख्खा हिवाळा वापरून झालाय. 1500 वॅटचा, भिंतीवर बसवायचा कन्व्हेक्टर, म्हणजे हवा तापवून खोलीत फिरवणारा हीटर, टच पॅनेलवाला.

नागपुरात हीटर कशाला, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. त्यांना मी 2018 च्या डिसेंबरातले 3.5 अंश ऐकवते. तेवढं दरवर्षी होत नाही, पण आमचा वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब आणि घरात सासूबाईंचे गुडघे. पारा दहाच्या खाली उतरला की त्यांना झोप नाही. त्या वॉकर घेऊन चालतात, म्हणून जमिनीवर काहीच नको होतं. लाल नळ्यांचा नाही, चाकांवरचा ऑइल हीटरही नाही.

‘कमी विजेत जास्त ऊब’ हे दुकानदाराचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्या. असला कुठलाही हीटर घ्या, एका युनिटातून एकाच युनिटाची उष्णता निघते. खरी बचत हॉट अँड कोल्ड एसीत. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत तिप्पटीच्या आसपास काम होतं. पण आमचा एसी नुसता थंडवाला, आणि धडधाकट आहे. तो काढून नवा कोण घेतो?

2000 वॅटचा गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, मी बधले नाही. दहा बाय बाराच्या खोलीला 1500 रग्गड. मात्र 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, तेव्हा 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नका, 16 चा पॉइंट काढून घ्या. फिटिंगवाला तर एसीच्या उंचीवर छिद्रं पाडायला निघाला होता! गरम हवा वर चढते, हीटर खालीच हवा. आमचा जमिनीपासून वीतभर वर आहे, पडद्यापासून लांब.

डिसेंबरात मी याला दोन स्टार देणार होते. रात्रभर चालू, थर्मोस्टॅट त्याला एकदाही बंद करत नव्हता, तरी पलंगापाशी गारवा. मग कळलं, खिडकीत बसवलेल्या कूलरच्या चारी बाजूंच्या फटींतून वारा सरळ आत येतोय. आपल्याकडे कूलर हिवाळ्यातही खिडकीतच असतो, पण हे ना दुकानदार सांगतो ना माहितीपत्रक. आतून थर्माकोल आणि जुनी चादर ठोकली, आणि त्या रात्रीपासून हीटर 21 अंशांवर आपोआप थांबू लागला. (शेगडी असती तर फटी अशा बुजवणं जिवावर बेतलं असतं. यात धूर नाही.) सहा तासांत निम्मा वेळ चालला तरी साडेचार युनिटं होतात. जानेवारीत आमचं बिल 300 युनिटांच्या वर गेलंच, आणि वरच्या टप्प्याचा दर काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या ह्यांनी ते बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

इथपर्यंत चार स्टार. आता खरं दुखणं.

लाइन गेली की हा हीटर सगळं विसरतो. मिनिटभर जरी गेली तरी परत आल्यावर तापमान नाही, टायमर नाही, नुसता लाल ठिपका. पहाटे चारला थंडीने जाग येते आणि सासूबाईंची हाक, “काहून वं, हे पुन्हा बंद पडलं?” मग मी उठायचं, स्टँडबायमधून काढायचं, 21 पर्यंत एक-एक अंश चढवायचं, प्रत्येक अंशाला ‘टीं’. तो आवाज बंद करता येत नाही. नातू उठतो.

तक्रार केली. “मॅडम, ते सेफ्टी फीचर आहे.” घरात कोणी नसताना वीज आली, हीटरवर कपडे वाळत घातलेले असले तर आग लागेल, म्हणे. मुद्दा खोटा नाही. पण याच कंपनीचा गोल बटणाचा, स्वस्तातला हीटर लाइन आली की जिथे होता तिथून सुरू होतो. त्याच्यावर कपडे वाळत नाहीत का? यावर पलीकडून उत्तर, “वरती कळवतो.” नंतर एक पोरगा घरी आला, पॅनेल पुसलं, आणि जाताना म्हणाला, “काकू, इन्व्हर्टरवर टाका ना.” 1500 वॅट! घरातला इन्व्हर्टर पंखे-दिवे ओढतो तेच पुष्कळ.

टच पॅनेलचे दीड हजार जास्त मोजले होते, ते डोक्यातून जात नाहीत. हॉलसाठी दुसरा घ्यायचाय, तो बटणाचाच. दुकानात डेमो बघाल तेव्हा सेल्समनला प्लग काढून परत लावायला सांगा. तो कुरकुरेल, तरी सांगा. याला साडेतीन स्टार. उरलेला अर्धा मेमरी दिली की देईन.