पूरनियंत्रणाच्या कामाला अनुदान की सवलतीचं कर्ज?

नाला रुंद करायचा, साठवण टाकी बांधायची, सांडपाणी शुद्ध करायचं. पैसा कुठून आणावा, इथे नगरपालिका अडते.

खर्च पाहू. अनुदान फेडावं लागत नाही, पण स्वहिस्सा, म्हणजे खर्चातला पालिकेचा वाटा, भरावा लागतो. शिवाय अनेक योजनांत ठेकेदाराचं बिल आधी चुकवायचं आणि प्रतिपूर्ती, म्हणजे त्या खर्चाची भरपाई, नंतर मागायची. हाताशी रोकड नसेल तर काम अर्ध्यावर थांबतं. कर्जाचा हिशेब सरळ असतो: 2 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत, तर दर 100 मागे वार्षिक हप्ता सुमारे 6.12, एकूण परतफेड 122. व्याज 6 टक्के असेल तर तीच 174.

वेळेत कर्ज सहसा पुढे. अनुदानात मंजुरीनंतर आराखडा बदलला की पुन्हा परवानगी आली.

देखभाल हा खरा घात. गाळउपसा, पंपांची वीज, पाण्याचे नमुने तपासणं, यांना दोन्हीकडून बहुधा पैसा मिळत नाही. टाकीत गाळ साचला की साठवण घटते आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येतं. ही तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करा.

मलनिस्सारण कर नियमित वसूल होत असेल, तर शुद्धीकरण केंद्राला कर्ज परवडतं. पूरनियंत्रणातून थेट उत्पन्न नाही. त्यासाठी छोट्या पालिकेने अनुदानच धरावं, सर्वेक्षण आणि जागेची कागदपत्रं आधीच तयार ठेवून.