बॉक्सवर ‘मेकॅनिकल’, आत रबराचा पडदा

‘वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड, ७५ टक्के आकार, तिन्ही मोड, हॉट-स्वॅप, ४००० एमएएच बॅटरी.’ किंमत २,१९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. घरून काम, आठवड्यातून दोनदा ऑफिस आणि मधूनच एखादा दौरा असणाऱ्या माणसाला जे हवं ते सगळं या एका ओळीत होतं. कीबोर्ड टेबलावर खोलला तेव्हा त्यातल्या दोनच गोष्टी खऱ्या निघाल्या: आकार (७५ टक्के म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा कप्पा नसलेला) आणि ‘वायरलेस’ हा शब्द. बाकीचं कसं खोटं होतं आणि ते घरच्या घरी कसं ओळखता येतं, ते खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण याच साच्यातले कीबोर्ड वेगवेगळ्या नावांनी विकले जात आहेत.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात स्प्रिंग असते, वर-खाली होणारी दांडी असते आणि धातूच्या पातळ पात्या असतात. नेहमीच्या उंचीच्या स्विचमध्ये बटण साधारण ४ मिमी खाली जातं, पण अक्षर २ मिमीच्या आसपासच उमटतं. तळापर्यंत दाबावं लागत नाही, म्हणून बोटांवरचा ताण कमी होऊ शकतो. मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे आणि त्यांवर रबराच्या घुमट्या असतात. घुमटी पूर्ण दबली की अक्षर उमटतं. मेम्ब्रेन वाईट असतो असं नाही. पण सहाशे-सातशे रुपयांची वस्तू मेकॅनिकल म्हणून तिप्पट पैशांना विकणं ही सरळ फसवणूक आहे.

फसवणूक कशी केली होती ते पाहा. जाहिरातीत एक बटण काढलेला फोटो होता आणि त्यात निळी, अधिकच्या चिन्हाच्या आकाराची दांडी दिसत होती. थोडीफार माहिती असलेला माणूस इथेच फसतो. चेरी कंपनीच्या स्विचची दांडी याच आकाराची असते. त्या रचनेचं पेटंट संपल्यावर गेटेरॉन, काइल, आउटेमू अशा अनेक कंपन्या तसेच स्विच बनवू लागल्या आणि लाल, तपकिरी, निळा हे रंगही सगळ्यांनी उचलले. त्यामुळे निळी दांडी दिसली की ‘क्लिक वाजणारा स्विच’ असं डोक्यात पक्कं बसतं. या कीबोर्डमध्ये निळी दांडी खरंच होती. फक्त तिच्याखाली स्विच नव्हता, रबराची घुमटी होती.

म्हणून दांडीकडे नाही, दांडीच्या भोवती पाहायचं. एस्केप किंवा वरच्या ओळीतलं एखादं बटण काढा. स्पेस, एंटर आणि शिफ्टला हात लावू नका, त्यांच्याखाली लांब बटण सरळ दाबलं जावं म्हणून तारेचे आधार (स्टॅबिलायझर) असतात. बटणाची टोपी काढायची तारेची चिमटी नसेल, तर पेपरक्लिप सरळ करून त्याचे दोन आकडे करा, ते समोरासमोरच्या कडांखाली घाला आणि सरळ वर ओढा. एका बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर दांडी तडकते आणि मग परतीच्या वेळी ‘ग्राहकाने तोडलं’ असं म्हणायला विक्रेता मोकळा. टोपी निघाली की मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा. खरा स्विच ही वेगळी, चौकोनी डबी असते, बाजूला सुमारे १४ मिमी. तिचा वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो ती रेघ दिसते, कडेच्या खाचा दिसतात आणि ती बटणांखालच्या पाटीत बसवलेली आहे हे लगेच कळतं. खोट्यात डबीच नसते. पाटी आणि दांडी जिच्यात सरकते ती नळी एकाच साच्यातून आलेली, मध्ये कुठेही सांधा नाही. या कीबोर्डमध्ये दांडी बोटाने दाबून फटीतून पाहिलं तर आत पांढरं रबर चमकत होतं.

‘पण क्लिक तर वाजतो’ हे उत्तर विक्रेत्याकडून हमखास येतं. दांडीच्या कडेला प्लॅस्टिकची एक जीभ दिली की क्लिक वाजतो, त्याला काही लागत नाही. नोटपॅड उघडून एक बटण अगदी हळू दाबत जा आणि नजर स्क्रीनवर ठेवा. अस्सल निळ्या स्विचमध्ये अर्ध्या वाटेत क्लिक होतो आणि त्याच सुमाराला अक्षर येतं. या कीबोर्डमध्ये क्लिक वर होत होता आणि अक्षर बटण तळाला टेकल्यावरच येत होतं. लाल स्विच क्लिक करत नाहीत, पण अक्षर अर्ध्या वाटेत येणं त्यांनाही लागू आहे.

आणखी एक परीक्षा आहे, तिला अर्धा मिनिट लागतो. दोन्ही शिफ्ट एकदम दाबून ठेवा आणि मोकळ्या बोटांनी ए ते झेड सगळी अक्षरं एकेक दाबा. चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, असतो, त्यामुळे सव्वीसच्या सव्वीस अक्षरं येतात. डायोड नसलेल्या मेम्ब्रेनमध्ये ठरावीक बटणं एकत्र दाबली की सर्किटला कुठलं बटण ते कळत नाही आणि अक्षर गळतं. इथे सात अक्षरं आलीच नाहीत. स्वस्तातल्या एखाद्या खऱ्या मेकॅनिकलमध्येही डायोडांची काटकसर केलेली असू शकते, म्हणून ही परीक्षा टोपी काढून पाहण्याच्या जोडीला करायची, तिच्याऐवजी नाही. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-रचनेत मराठी लिहिणाऱ्यांनी तर ती सोडूच नये. ख, घ, छ, झ अशा कितीतरी अक्षरांना शिफ्ट लागतो.

आता बॅटरी. प्रवासासाठी घेणाऱ्याला सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि लक्षात येतं ते परतीची मुदत संपल्यावर. सेलवर छापील स्टिकर होतं, ४००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). ते नखाने उचललं तर खाली मूळ आकडा होता: ५०३०४०. अशा चपट्या लिथियम सेलवर हा आकडा मापं सांगतो: जाडी ५.० मिमी, रुंदी ३० मिमी, लांबी ४० मिमी. एवढ्या सेलमध्ये साधारण ६०० एमएएच मावतात. ४००० चा सेल ६०६०९० च्या आसपासचा असतो, म्हणजे ६ मिमी जाड आणि जवळजवळ तळहाताएवढा. तो या कीबोर्डच्या पोटात बसलाच नसता.

हे तपासायला कीबोर्ड खोलायची गरज नाही. यूएसबीला लावायचा छोटा मीटर काही शे रुपयांना मिळतो. कीबोर्ड पूर्ण संपेपर्यंत वापरा, मग तो मीटर मध्ये लावून पूर्ण चार्ज करा. या कीबोर्डने ६३५ एमएएच घेतले आणि दिवा हिरवा झाला. मीटर नसेल तर घड्याळ लावा. असे कीबोर्ड साधारण अर्ध्या अँपियरने चार्ज होतात. त्या वेगाने ४००० एमएएच भरायला आठ तासांहून जास्त हवेत. दीड तासात भरला तर आत काय आहे ते कळलंच. रंगीत दिवे लावले की हा कीबोर्ड एका दुपारीच मान टाकत होता. त्यात बाजूला सरकवायचं चालू-बंदचं बटण नव्हतं, फक्त झोपेत जाण्याची सोय. बॅगेत लॅपटॉपखाली दाबला की जागा होतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत रिकामा. दौऱ्यासाठी कीबोर्ड घेताना हे सरकतं बटण जाहिरातीच्या फोटोत कडेला दिसतंय का, ते आधी शोधा.

‘तिन्ही मोड’ म्हणजे वायर, २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) आणि ब्लूटूथ. इथे ब्लूटूथ नव्हतंच. फंक्शन बटणासोबत १, २, ३ दाबलं की दिवा लुकलुकायचा, पण फोनच्या यादीत काही उमटायचं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तो लॅपटॉप, फोन आणि टॅब्लेट अशा तिघांना जोडून, एकावरून दुसऱ्यावर उडी मारून पाहा. नुसत्या डोंगलवर चालणारा कीबोर्ड प्रवासात धोक्याचा, डोंगल हरवला की उरतो तो प्लॅस्टिकचा तुकडा.

हॉट-स्वॅपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे अस्सल मेकॅनिकल विकणारेही गंडवतात. हॉट-स्वॅप म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपटून दुसरा बसवता येणं. एखादा स्विच चिमटीने काढा, खालच्या बोर्डात धातूचं सॉकेट दिसलं पाहिजे. काही स्वस्त बोर्डांची भोकं इतकी अरुंद असतात की त्यांत फक्त आउटेमूच्या बारीक पायांचे स्विच जातात. दुसरा रेटून घातला की पाय वाकतो. विक्रेत्याला ‘हॉट-स्वॅप आहे का’ असं विचारू नका, ‘कुठल्या कंपनीचे, तीन पायांचे की पाच पायांचे’ असं विचारा.

खोक्यावरच बरंच काही लिहिलेलं असतं, किंवा नसतं. वायरलेस कीबोर्डला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. त्याचा ‘आर-’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक वस्तूवर किंवा वेष्टनावर हवा, आणि बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. बाहेरून आणलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापावाच लागतो. या खोक्यावर एमआरपी ५,९९९ सोडून काहीच नव्हतं.

परत करायला गेल्यावर खरा त्रास सुरू झाला. पहिलं उत्तर: ‘या वस्तूवर फक्त बदलून मिळेल.’ बदलून आला तो हुबेहूब तसाच. तोवर विक्रीच्या पानावर ‘मेकॅनिकल’च्या जागी ‘मेकॅनिकल फील’ झालं होतं. ऑर्डर देण्याच्या दिवशी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, म्हणून हा बदल दाखवता आला. ही सवय लावून घ्याच. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून न थांबवता व्हिडिओही काढा. मग इंटरनेटवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवरून व्हॉट्सॲपवर एक लिंक आली: रिफंडसाठी यूपीआय पिन टाका. हा दुसरा दरोडा असतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, अशा लिंकवर पिन टाकला की पैसे जातात. गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

‘फक्त बदलून मिळेल’ हे धोरण कायद्यापुढे टिकत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तक्रारीत ‘आवडला नाही’ किंवा ‘बिघडला’ लिहू नका, त्यावर पुन्हा बदलूनच पाठवतात. लिहा: ‘जाहिरातीत मेकॅनिकल स्विच, ब्लूटूथ आणि ४००० एमएएच, प्रत्यक्षात रबर-डोम मेम्ब्रेन, ब्लूटूथ नाही, चार्जिंगला ६३५ एमएएच.’ सोबत बटण काढलेला जवळून घेतलेला फोटो, मीटरचा फोटो आणि जुना स्क्रीनशॉट. हेच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला द्या. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

मागचे स्क्रू मात्र पैसे हातात येईपर्यंत काढू नका. ते रबरी पायांखाली लपवलेले असतात आणि एकावर सीलचा कागद असतो. वरच्या परीक्षांपैकी सेलवरचा आकडा पाहणं तेवढंच खोलून करावं लागतं, आणि या कीबोर्डच्या बाबतीत ते बदलून आलेला दुसरा नग परत घ्यायलाही नकार मिळाल्यावर केलं. परत पाठवताना खोका, केबल, टोपी काढायची चिमटी आणि डोंगल सगळं मोजून भरा. डोंगल हमखास लॅपटॉपलाच लावलेला राहतो, आणि तेवढ्यावरून ‘वस्तू अपुरी’ म्हणून पार्सल परत येतं.