स्पोर्टी हॅचबॅक आणि सोलापूरचे रस्ते : टायरचे माप बदलल्यानंतरचा अनुभव

छोट्या, चपळ गाडीचा कडकपणा कमी करायचा असेल तर खर्च आधी टायरवर करावा आणि स्प्रिंगांना शक्यतो हात लावू नये, असे माझे मत गेल्या दिवाळीपासूनच्या वापरानंतर पक्के झाले आहे. माझी गाडी टर्बो पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक असून तिचे सस्पेन्शन त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीपेक्षा घट्ट आहे. मूळ चाके १६ इंची, १९५/५५ मापाच्या (म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के) टायरांची होती.

सोलापुरात गाडीला दोन निरनिराळ्या प्रकारचे हादरे बसतात आणि उपाय ठरवताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत बुजवलेले चर, उखडलेली खडी आणि उंच गतिरोधक यांचे लहान पण तीव्र दणके बसतात. शहराबाहेरचे बरेच रस्ते काळ्या मातीवरून जातात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्यामुळे डांबर शाबूत असले तरी रस्ता वरखाली होतो. तीव्र दणका सर्वांत आधी टायरची बाजू झेलते, तर अशा लांब चढउतारांवर स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांचा कस लागतो. आमच्या गाडीला त्रास होता तो पहिल्या प्रकारचा. चढउतारांवर ती वेगातही स्थिर राहते, आणि तो गुण मला कोणत्याही परिस्थितीत गमवायचा नव्हता.

बिनखर्चाचा उपाय म्हणजे हवेचा दाब. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर ३३ पीएसआय लिहिलेले असताना हवा भरणारे सवयीने ३८ ते ४० भरतात, आणि एवढ्या फरकानेही गाडी खडखडते. दाब सकाळी, टायर थंड असतानाच मोजावा, कारण तापमान ५ ते ६ अंशांनी वाढले की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. मात्र आरामासाठी पट्टीवरील आकड्याच्या खाली जाणे मला धोक्याचे वाटते. कमी हवेचा टायर चालताना अधिक वाकतो, वाकल्याने तापतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात महामार्गावर तो फुटण्याची भीती असते.

खरा पालट झाला तो १५ इंची चाके आणि १८५/६५ मापाचे टायर बसवल्यावर. जुन्या टायरच्या बाजूची उंची सुमारे १०७ मिलिमीटर होती, नव्याची १२० आहे. तरीही चाकाचा एकूण व्यास दोन्ही मापांत जवळजवळ सारखाच, सुमारे ६२१ मिलिमीटर राहतो. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि गाडीची उंचीही बदलत नाही. माझ्या मॉडेलच्या खालच्या आवृत्तीत हेच माप कंपनीकडून येते, म्हणून निर्णय सोपा झाला. तरीसुद्धा १५ इंची रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबून धरणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे प्रत्यक्ष चाक बसवून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टायरवरील भारांकही पाहावा. माझ्या जुन्या टायरांचा ८७ होता, नव्यांचा ८८ आहे, म्हणजे प्रत्येक टायरची वजन पेलण्याची क्षमता ५४५ वरून ५६० किलो झाली.

परिणाम पहिल्याच गतिरोधकावर जाणवला. पूर्वी खड्ड्याची कड थेट कमरेत उतरत असे, आता तिचा बोथट धक्का लागतो. कंबरदुखीमुळे गाडीत बसायला नाखूश असणारी आई आता अक्कलकोटला दर्शनासाठी मागच्या आसनावर बसून आनंदाने येते, आणि माझ्या दृष्टीने या खर्चाचे चीज तेवढ्यानेच झाले. उंच बाजूच्या टायरामुळे खड्ड्यात रिम वाकण्याची आणि टायरला फुगा येण्याची शक्यताही कमी होते.

याची किंमत द्यावी लागते, हेही नोंदवले पाहिजे. स्टीअरिंग वळवल्यावर गाडी किंचित उशिरा वळते, आणि तुळजापूरच्या घाटातल्या सलग वळणांवर तो पूर्वीचा धारदारपणा मला अजूनही हवासा वाटतो.

त्यानंतर मागच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरमधून तेल पाझरू लागल्यामुळे ते जोडीनेच, मूळ मापाचे बसवून घेतले. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर बाजारात मिळतात आणि त्यांची शिफारसही आग्रहाने होते. पण ते स्प्रिंगची हालचाल रोखतात, म्हणजे गाडी उचलली गेली तरी ती अधिकच कडक होते. आधीच घट्ट असलेल्या सस्पेन्शनला त्यांचा उपयोग नाही. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरल्यानेही आरामात मला काही फरक जाणवला नाही.

मागे तीन माणसे आणि सामान असल्यास मी पट्टीवरील पूर्ण भाराचा दाब भरतो. तेव्हा गाडी पुन्हा थोडी ताठ होते आणि मोठ्या खड्ड्यांपुढे वेग कमी करावाच लागतो. १६ इंची चाके विकलेली नाहीत, पण ती परत बसवण्याचा विचार सध्या तरी नाही.